चुन्याचे दोन ठिपके

मी जितक्या जीपा धड केल्या, त्याहून जास्त लंगड्या केल्या. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे म्हातारा आपलीच आरती ओवाळतोय असं कोणाला वाटायला नको. चौथीपर्यंत शिकलोय. जसं बोलतो तसं लिहितो.

लंगड्या म्हणजे कशा, ते ऐका. मिलिटरीच्या लिलावातून आलेली जुनी जीप चारी चाकांनी ओढते. इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून एका लोखंडी डब्यात येते. त्या डब्यातून दोन दांडे निघतात, एक मागच्या चाकांकडं, एक पुढच्या. डांबरी रस्त्याला मागचा दांडा पुरतो. पुढचा नुसता फिरतो आणि डिझेल खातो. देशात नव्या गाड्यांचं वारं सुटलं, आमच्या पाटोद्यात एसटीडीचे पिवळे बोर्ड लागले, तेव्हा ज्याच्या त्याच्या डोक्यात एकच होतं. लिलावातली जीप आणायची, पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायचं आणि बीडच्या रस्त्याला सीटा भरायच्या. गाडी माझ्या गॅरेजला लागली की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं, "आप्पा, पुढचं काढा." मी काढायचो. पुढचे दांडे, पुढच्या चाकांमधलं आडवं लोखंडी पोट, ज्याला आम्ही हाउसिंग म्हणतो, सगळं काढून त्या जागी साधा आस घालायचो आणि काढलेलं गॅरेजच्या मागं बाभळीखाली फेकायचो. ढीग माझ्या छातीला लागायचा.

माझी बायको प्रयाग त्या ढिगाकडं बघून म्हणायची, "एवढ्या जनावरांचं पुढचं पाय तोडून ठिवलेत. पाप लागंल की वो."

"लोखंडाला कशाचं पाप?" मी म्हणायचो.

गिऱ्हाइकं एकेक नमुना होती. केजचा एक होतकरू पुढारी आला. त्याला जीप दोन फूट उंच करून पाहिजे होती. डोंगरासाठी नाही, मिरवणुकीत मागच्या गल्लीतल्या लोकांनाबी तो दिसावा म्हणून. करून दिली. पहिल्याच मिरवणुकीत वेशीच्या कमानीला त्याचं डोकं लागलं. फेटा होता म्हणून वाचला. आठ दिवसांनी येऊन म्हणाला, "आप्पा, थोडी बसकी करा." असली कामं. जीप ज्यासाठी जन्मली, ते काम माझ्याकडं कोणी आणलंच नव्हतं.

ते आणलं रहमतखालानं.

खाला म्हणजे बागवानाची बाई, फळांचा धंदा करणारी. नवरा वारल्यावर धंदा तिनं हातात घेतला. सीताफळाचा. आमच्या बालाघाटाच्या डोंगरात सीताफळ रानोमाळ उगवतं, त्याला कोणी खत घालत नाही की पाणी. पण फार नाजूक फळ. त्याच्या अंगावरच्या फुगवट्यांमधल्या रेघा पांढरट झाल्या की आम्ही म्हणतो, डोळे उघडले. डोळे उघडल्यावर तोडायचं, आणि तोडलं की दोन दिवसांत बाजारात पाहिजे. तिसऱ्या दिवशी ते फुटतं. खाला दर साली कोल्हदऱ्याचा माल घ्यायची. कोल्हदरा म्हणजे डोंगरापलीकडची दरी. वाट अशी नाहीच, मधी काळ्या खडकाचा उघडा चढ. तिथून गाढवांवर पाट्या लादून माल रस्त्याला यायचा. गाढवाची चाल हिसक्याची. वरची पाटी चांगली राही, खालच्या पाटीतल्या फळांचा रस गाढवाच्या पोटावरून गळायचा.

एक दिवस खाला जीप घेऊन दारात उभी. चारी गाढवं विकून घेतलेली. गावात लगेच झालं, "खालानं चार गाढवं इकली आन् पाचवं घेतलं."

जीप बघितली आणि मी ओळखली. पाच सालांमागं मीच लंगडी केलेली होती.

"आप्पा," खाला म्हणाली, "मला गाडीचं काही सांगू नको. मला काळा चढ चढून दाव. डोळे उघडायला पंधरा रोज हायेत."

"चढंल."

"नै चढली तर? गाढवं तर गेली."

"खाला, मी हाय ना."

असं म्हणायला काय लागतं? जीभ उचलली की झालं.

कामाला लागलो. गाडी उंच करायची तर पाटे बदलायचे. पाटे म्हणजे पोलादाच्या वाकलेल्या पट्ट्या, त्यांच्यावर गाडी झुलते. ते हाउसिंगच्या खाली बांधलेले असतात, मी वर घेतले आणि एकेक पाटा जास्तीचा घातला. गाडी वीतभर उचलली. इंजिनाच्या पोटाखाली ट्रॉलीच्या फाळक्याचा जाड पत्रा ठोकला, खडक लागला तर पत्र्याला लागावा. सायलेन्सर वर वळवला. सीटा काढून मागं सपाट केलं, फळांना दणका बसू नये म्हणून. खालानं वाकळा आणि कडुनिंबाचा पाला आणून ठेवलाच होता.

राहिलं पुढचं. बाभळीखालच्या ढिगातून एक हाउसिंग काढलं, दांडा काढला, बसवलं. बीडच्या माझ्या उस्तादानं शिकवलं होतं की बोल्टची भोकं जुळली म्हणजे पार्ट जुळला. आमच्याकडचे सगळे मिस्त्री ह्याच भरवशावर जगलेत. भोकं जुळली.

मांजरा नदीच्या वाळूत नेली. काय सांगू! वाळूत बैल गुडघ्यापर्यंत जातो तिथं ती जीप सरळ निघाली. काठावरची माणसं ओरडली. मी गाडीतून उतरलो तो छाती काढून. येताना डांबरीवर स्टेअरिंग जड लागलं, गाडी कण्हत होती. म्हटलं, नवं काम हाय, बसंल.

दोन दिवसांनी काळा चढ. खाला खाली उभी, तिचे तोडणीवाले उभे, चार रिकामटेकडे तर असतातच. निम्म्यात गेलो आणि कडाक! पुढच्या दांड्याचा जॉइंट तुटला. जीप मागं घसरली, दगडाला टेकून थांबली म्हणून आज हे लिहितोय.

खालून आवाज आला, "खाला, हे गाढव लाथबी मारतंय की!"

जॉइंट जुना असेल म्हणून मी ढिगातून दुसरा काढला, त्यातल्या त्यात जाड. बसवला. घटस्थापना जवळ आली होती. आमच्याकडं तिच्या आधी घराची सगळी धुणीधाणी काढतात, भिंतींना चुना मारतात. प्रयाग गॅरेजची भिंत रंगवत होती. मी जीपची डावी बाजू जॅकवर घेतली, उजवीकडच्या चाकांना दगड लावून गच्च केली, इंजिन सुरू करून गिअर टाकला. असं केलं की डावीकडची पुढची-मागची चाकं हवेत सावकाश फिरतात. मी आवाज ऐकत होतो. प्रयागच्या कुंच्याचे चुन्याचे थेंब चाकांवर उडालेले.

ती कुंचा हातात धरून उभी राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "अवो, ही चाकं संगं न्हाई फिरत."

"काय?"

"पुढच्या चाकावरचा पांढरा ठिपका अन् मागच्यावरचा. निघत्यात संगं. मग मागचा पुढं पळतोय."

"तू भिंती बघ."

"भिंती पळत न्हाईत, म्हणून इकडं बघते."

गॅरेजात दोन मिस्त्री बसलेले. ते हसले. तिच्यावर का माझ्यावर, कळलं नाही. मी म्हणालो, "प्रयागे, मी तुझ्या चुलीत बोट घालतो का?" ती भिंतीकडं वळली.

एवढं एक वाक्य मला परत घेता आलं तर गॅरेज देऊन टाकीन.

दुसऱ्यांदा गेलो. त्याच जागी, त्याच आवाजात जॉइंट तुटला. ह्या वेळी रिकामटेकडेसुद्धा उठून चालते झाले. खाला एका दगडावर बसली. तिच्या हातात दरीतनं आणलेलं एक सीताफळ होतं. ते तिनं माझ्यापुढं धरलं. रेघा पांढऱ्या झालेल्या.

"आप्पा, डोळे उघडले," ती म्हणाली. बस, एवढंच. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं.

बैल लावून जीप घरी ओढत आणली. ढिगात ह्या दांड्याला बसणारा एकच जॉइंट उरला होता. तो बसवला आणि गाडीजवळ नुसता बसलो. प्रयाग आतून चुन्याची वाटी घेऊन आली. वाटीत बोट बुडवलं, पुढच्या चाकाला तळाशी एक ठिपका लावला, मागच्या चाकाला तळाशी एक.

"लावा गाडी," म्हणाली. "मी मोजते."

गाडी लावली. ती जमिनीवर उकिडवी बसली. ठिपके निघाले. पहिल्या फेरीला बरोबरच वाटले. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला मागचा जरा आधी वर आला. मग आणखी आधी. मग एक वरती असताना दुसरा खाली. ती ओठ हलवत मोजत होती. दोन्ही ठिपके पुन्हा एकदम खाली आले तेव्हा तिनं हात वर केला.

"मागचा अकरा बार फिरला. पुढचा धा बार."

"पुन्हा मोज."

पुन्हा मोजलं. अकरा आणि दहा. लोक देवळात जाऊन हात जोडतात, मला त्या दोन ठिपक्यांपुढं जोडावेसे वाटले. वीस वर्षं लोखंड हाताळलेल्या माणसाला जे दिसलं नव्हतं, ते लोखंडानं स्वतः चुन्यानं लिहून दाखवलं होतं. फक्त वाचणारं माणूस पाहिजे होतं.

दोन्ही हाउसिंगं उघडली. आत एक मोठं दातेरी चाक असतं, क्राऊन, आणि त्याला फिरवणारं लहान, पिनियन. दात मोजले. पिनियनला दोन्हीकडं आठ. पुढच्या क्राऊनला त्रेचाळीस, मागच्याला एकोणचाळीस. तेव्हा आठवलं. पाच सालांमागं ही जीप सीटा भरायला पळती पाहिजे म्हणून मागची मूळ जोडी काढून मीच दुसरी घातली होती. बाहेरची भोकं दोन्हीची सारखीच. आतले दात कोण मोजतो?

म्हणजे पुढची चाकं एका चालीनं चालायची, मागची दुसऱ्या. वाळूत चाकं घसरतात, म्हणून भांडण दिसत नाही. खडकावर घसरायला जागा नाही. मग सगळा ताण एका जॉइंटवर.

"मूळ जोडी कुठं हाय?" प्रयागनं विचारलं.

"असंल कुठं तरी. पाच वर्सं झाली."

ती परसात गेली. सरपण भिजू नये म्हणून त्यावर पत्रा टाकलेला आणि पत्रा उडू नये म्हणून त्यावर वजन ठेवलेलं. ते वजन दोन्ही हातांनी उचलून ती आली. क्राऊन आणि पिनियन, तारेनं एकत्र बांधलेलं. दात त्रेचाळीस. उस्तादाची दुसरी शिकवण, की जोडी कधी तोडायची नाही, कारण ती एकमेकांवर घासून बसलेली असते. ती तेवढी पाळली होती मी.

दोन दिवस लागले. जोडी बसवताना दातांना तेलात कालवलेला शेंदूर लावतात, फिरवून बघतात, दात कुठं चावतो ते शेंदराच्या डागावरून कळतं. डाग दाताच्या मधोमध आला पाहिजे. सहा वेळा काढली, सहा वेळा घातली. मग प्रयागनं पुन्हा ठिपके लावले. पन्नास फेऱ्या मोजल्या. दोन्ही ठिपके संगं खाली, संगं वर. पन्नासाव्या फेरीलाही.

तिसऱ्यांदा काळ्या चढाखाली गेलो तेव्हा बघायला कोणी आलं नव्हतं. खाला म्हणाली, "मी बसते गाडीत. पडली तर मलाबी घेऊन पडू दे." प्रयाग कधी माझ्या कुठल्या गाडीत बसली नव्हती. ती न सांगता मागं चढली, वाकळांवर बसली.

त्या लोखंडी डब्याचा लिव्हर खालच्या, म्हणजे सावकाश पण ताकदीच्या गिअरला टाकला. क्लच सोडला आणि पाय बाजूला घेतला. ॲक्सिलरेटरला लावलाच नाही. गाडी आपली आपण निघाली. मुंगी भिंत चढते तशी. घाई नाही, झटका नाही. जिथं दोनदा तुटली ती जागा आली. पुढचं डावं चाक खळग्यावरून हवेत उचललं गेलं, मला खडकाऐवजी नुसतं आभाळ दिसायला लागलं. खाला मोठ्यानं अल्लाचं नाव घेत होती, मी मनात महादेवाचं. हवेतलं चाक नुसतं फिरत राहिलं, पण मागच्या दोघांनी खडक सोडला नाही. पाटे दबले, पुन्हा फुलले, चाक टेकलं आणि पुढच्यांनी पुन्हा ओढायला घेतलं. गाडीच्या आत इतकं लोखंड फिरत होतं आणि आवाज काय, तर गाय रवंथ करावी तेवढा. मी लंगड्या केलेल्या प्रत्येक जीपमधी हे होतं! हे मी काढून बाभळीखाली फेकत होतो.

वर पोचलो. खाली कोल्हदरा, पिकल्या सीताफळाचा वास नुसता दाटलेला. मी इंजिन बंद केलं. खाला खाली उतरली, जीपच्या नाकावर हात ठेवला, जनावराला ठेवतात तसा.

तोडणीवाले पळत आले. त्यांचा मुकादम म्हणाला, "आप्पा, दोनदा तुटली अन् आता कशी काय चढली? काय गोम व्हती?"

प्रयाग माझ्यापासून तीन हातांवर उभी होती.

मी म्हणालो, "वीस वर्सं लोखंड हाताळलंय बे. कान लावला की कळतं."

सगळे वा वा करायला लागले. प्रयागनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग खाली बसली आणि पाट्यांमधी पाला पसरायला लागली. खाला आम्हा दोघांकडं बघत होती. त्या दिवशी चौदा पाट्या उतरवल्या, एक फळ फुटलं नाही.

घरी आल्यावर मी वाट बघत होतो की ही आता काही तरी बोलेल. भाकरी वाढून झाल्यावर बोलली. "उतरताना गाडी उजवीकडं वढती. ब्रेक बघा." बघितला. खरंच ओढत होती.

मग दसरा आला. दसऱ्याला आम्ही हत्यारं आणि गाड्या पुजतो, हळद-कुंकू, झेंडूचा हार. खालाची जीप पुजायला आली होती. प्रयागनं कुंकू लावलं आणि चुन्याच्या वाटीत बोट बुडवून पुढच्या चाकाला एक ठिपका, मागच्याला एक ठिपका लावला. माझ्याकडं बघितलं नाही. पुढच्या साली दुसऱ्या ड्रायव्हरनं विचारलं, "वैनी, खालाच्या गाडीला लावला तसा चुना लावा की, लई लाभली ती गाडी." तिनं लावला. असं दर साली. हळूहळू पाटोद्यातल्या सगळ्या जीपा दसऱ्याला माझ्या दारात यायच्या. जिथं त्या गेल्या तिथं ठिपके गेले. कावून लावतात, कशापायी लावतात, ते कोणाला माहीत नव्हतं. मला विचारलं तर म्हणायचो, "देवाचं हाय." प्रयाग ऐकायची आणि ठिपके लावायची.

माझं नाव झालं. बीडपासून लोक यायचे, ढिगातलं पुढचं सामान मी परत जीपांना बसवून दिलं. दात मोजून. ढीग संपला तेव्हा बाभळीखालची जागा बघून प्रयाग म्हणाली, "पाप फिटलं बघा." तेव्हा तरी बोलायला पाहिजे होतं. नाही बोललो. काय गेलं असतं माझं?

परवाच्या साली पोळ्याच्या आधी ती गेली. तीन दिवस ताप आला, चौथ्या दिवशी नव्हती. खाला भेटायला आली, आता फार वाकलेली, काठी टेकत. माझ्यासमोर जमिनीवर बसली.

"आप्पा, त्या रोजी वरती मी बघितलं व्हतं," ती म्हणाली. "चाकांवर चुन्याचे ठिपके व्हते अन् तिच्या नखात चुना व्हता. तुझ्या नखात काळं तेल. मला वाटलं तू आज बोलशील, उद्या बोलशील. मी वाट बघितली. आता ती बी न्हाई ऐकायला."

खाला उठताना म्हणाली, "बाकीचे हायेत की ऐकायला."

त्यानंतरचा दसरा. मी वाटी काढलीच नव्हती. उमापूरहून एक ड्रायव्हर आला, चारी चाकं ओढणारी जीप, नव्यासारखी. "आप्पा, चुना?"

"अवंदा न्हाई."

"असं कसं? शुभ असतंय ते."

"कावून शुभ असतंय?"

"आता मला काय ठावं? तुमच्याच दारातनं निघालंय. देवाचं असंल."

दारात सात-आठ गाड्या उभ्या होत्या, तेवढीच माणसं. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "देवाचं न्हाई बे. माझ्या बायकोचं हाय." आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जे वर लिहिलं ते. माझं चुलीचं वाक्य सांगितलं, मुकादमाला काय बोललो तेही सांगितलं. कोणी हसलं नाही. म्हातारा उशिरा का होईना बोलतोय, तर बोलू द्यावं, असं त्यांना वाटलं असेल.

उमापूरचा ड्रायव्हर डोकं खाजवत म्हणाला, "मग बघू की."

त्यानंच जीपची डावी बाजू उचलली, उजव्या चाकांना दगड लावले. मी आत जाऊन प्रयागची वाटी शोधली. कोनाड्यात होती, तळाला चुना वाळलेला. पाणी घालून कालवला, बोट बुडवलं. पुढच्या चाकाला तळाशी एक, मागच्याला तळाशी एक. तिनं लावलेला ठिपका गोल यायचा. माझा ओघळला.

गाडी लागली. ठिपके निघाले. संगं वर, संगं खाली. दहा झाल्या, अकरा झाल्या. मी ती बसायची तसा उकिडवा बसलो होतो आणि ओठ हलवत मोजत होतो. पन्नास झाल्या.

"बंद करू का, आप्पा?" ड्रायव्हरनं विचारलं.

"राहू दे जरा," मी म्हणालो.